तिचा दिवस कसा जातो, हे विचार

चि. डॉक्टर,
सप्रेम आशीर्वाद.

"सगळे रिपोर्ट चांगले असताना ही बाई दर खेपेला बरे नाही असेच का सांगते?" हा तुझा प्रश्न वाचून मी अस्वस्थ झालो, कारण उत्तर तिच्याजवळ आहे आणि तू ते प्रयोगशाळेच्या कागदात शोधतो आहेस. तिला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा आजार; त्याची सक्रियता आणि रुग्णाचे जीवनमान नेहमी एकमेकांना धरून चालत नाहीत. या सक्रियतेची खूण असलेली डीएनएविरोधी प्रतिपिंडे आटोक्यात असतानाही थकवा माणसाला अंथरुणाला खिळवतो. म्हणून तिचा दिवस कसा जातो ते आधी विचार आणि केसपेपरवर लिही.

तिला अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याचा विकारही आहे. १९८३ साली लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज यांनी या विकाराचे वर्णन केले, तेव्हापासून आपण गुठळी रोखायला बरेच शिकलो. गुठळी होऊन गेलेल्या बाईचे आयुष्य कसे चालते, हे विचारायला मात्र अजून शिकलेलो नाही. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनवर आयएनआर (रक्त गोठण्याचे माप) २ ते ३ मध्ये आला की तू समाधानाने पुढचा रुग्ण बोलावतोस. त्या तपासणीसाठी तिची मजुरी बुडते, संध्याकाळी गुठळी झालेला पाय सुजून जड होतो, पुन्हा गुठळी होईल या भीतीने झोप लागत नाही. पाळीविषयी विचारायला संकोच वाटतो असे तू लिहितोस; तो संकोच तिला महाग पडतो आहे, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळीने पाळीत रक्तस्राव वाढतो, लोह कमी होते आणि तू ल्युपसच्या माथी मारलेला थकवा कदाचित तिथूनच आलेला असतो. सांधे दुखतात म्हणून ती दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणते का? कोणी सांगितले म्हणून तिने पालेभाजी कायमची सोडली आहे का, जिचे प्रमाण फक्त सारखे ठेवायचे असते? तिला मूल हवे आहे का? वॉरफरिन गर्भाला घातक असल्याने त्याऐवजी हेपरिनच्या इंजेक्शनचा विचार वेळीच करावा लागतो.

वेळ नसतो, हे मला सांगू नकोस. माझ्या बाह्यरुग्ण विभागाची रांग हळू सरकते म्हणून मी वरिष्ठांची बोलणी खाल्ली आणि तरीही विचारत राहिलो. ते योग्यच होते असे मी आजही म्हणतो. 'दिवस कसा जातो' या प्रश्नासाठी केसपेपरवर छापील रकाना करून घेता आला नाही, एवढीच रुखरुख उरली आहे.

ती पुन्हा येईल तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातल्या लोहाचा साठा) तपास, आणि तिने काय सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहून ठेव.