पंधरा वर्षांच्या मुलाचा डबा कोणी भरायचा?

आपल्या नाशकातल्या इंदिरानगरहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

«काकू, मी शरणपूर रोडला एका पतसंस्थेत नोकरी करते, साडेसहानंतर घरी येते. मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, त्यांची फर्स्ट शिफ्ट असते, साडेतीनपर्यंत घरी येतात. मुलगा दहावीत, मुलगी आठवीत. रोज पावणेपाचला उठून मी चार डबे भरते. मुलाची शाळा सव्वासातला भरते, एकला सुटते, तिथून तो थेट कॉलेज रोडला क्लासला जातो आणि चारला घरी येतो. गेले दोन महिने त्याचा पोळी-भाजीचा डबा जसाच्या तसा परत येतोय. विचारलं की म्हणतो, आता कोणी डबा आणत नाही. रोज ४० रुपये घेतो आणि वडापाव नाहीतर सँडविच खातो. मागच्या आठवड्यात मी चिडून म्हटलं, उद्यापासून तुझा डबा बंद. सासूबाई म्हणाल्या, दहावीचं वर्ष आहे, पोराला उपाशी ठेवणार का? ऑफिसातली मैत्रीण म्हणते, एवढा मोठा झाला, त्याचं त्याला करू दे. मधे मला ताप होता तेव्हा सासूबाईंनी पोळ्या केल्या आणि मुलीने उठून दोघांचे डबे भरले. तिने त्याला तूप-गूळ लावून पोळीच्या गुंडाळ्या दिल्या. तो डबा मात्र रिकामा आला. डबा बंद करावासा वाटतो, पण मुलाला साधा डबा दिला नाही तर मी आई कसली, असंही वाटतं. काय करू?»

ताई, डबा बंद करू नका. तो भरणं मात्र तुम्ही बंद करा.

घरात पोटभर, चांगलं अन्न असणं ही आईबापांची जबाबदारी आहे. ती दहावीत संपत नाही, बारावीतही संपत नाही. पण ते अन्न डब्यात घालणं, झाकण लावणं, पिशवीत ठेवणं आणि घरी आल्यावर डबा विसळून पालथा घालणं हे पंधरा वर्षांच्या मुलाने करायचं काम आहे. तुमच्या सासूबाई पहिल्या गोष्टीबद्दल बोलतायत, मैत्रीण दुसऱ्या गोष्टीबद्दल. दोघी आपापल्या जागी बरोबर आहेत. तुमची ओढाताण होते कारण ही दोन्ही कामं तुमच्या एकटीच्या ओट्यावर, पहाटे पावणेपाचला येऊन पडली आहेत.

आधी तो डबा परत का येतो ते बघू. मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं आणि मधल्या सुट्टीत मुलांबरोबर वर्गातच डबा खायचे. नववी-दहावीची मुलं डबा आणत नाहीत हे काही खरं नाही. ती आणतात, पाच-सहा डबे एका बाकावर उघडले जातात आणि ज्याचा त्याचा सोडून बाकी सगळे ते खातात. ज्या मुलाचा डबा भरलेला परत जातो त्याने बहुतेक वेळा तो उघडलेलाच नसतो. कारणं साधी असतात आणि मुलं ती आईला सांगत नाहीत. माझ्या वर्गातल्या एकाच्या डब्यातून भाजीचं तेल गळून भूमितीची वही पिवळी झाली होती. त्या दिवसानंतर त्याने डबा दप्तरातून बाहेर काढला नाही. दुसऱ्या एकाला मित्रांनी सलग तीन दिवस शेपूवरून चिडवलं होतं, एवढंच.

तुमच्या मुलाचं कारण मला त्याच्या वेळापत्रकात दिसतं. मधली सुट्टी दहाच्या आसपास, वीसेक मिनिटांची असणार. तेव्हा पोळी-भाजीची पुरती भूक लागलेली नसते आणि सोबत्यांना मैदानावर जायचं असतं. खरी भूक लागते एक वाजता, शाळा सुटल्यावर. त्या वेळी तो सायकलवर नाहीतर बसमध्ये असतो, मग क्लासच्या जिन्यात. तिथे बसून भाजीत पोळी बुडवून खायला जागा नाही, हात धुवायला नळ नाही, आणि सहा वाजता भरलेली भाजी तोवर गार झालेली. खाली वडापावची गाडी मात्र गरमागरम उभी आहे. मग तो काय खाईल? मुलीने दिलेली गुंडाळी त्याने संपवली, कारण ती एका हातात धरून, चालता चालता खाता येते. तिने आईपेक्षा चांगला स्वयंपाक केला असं नाही. भावाचा दिवस कसा जातो हे तिला माहीत होतं.

तेव्हा एका मोठ्या डब्याऐवजी दोन छोटे डबे. दहाच्या सुट्टीला मूठभर काहीतरी: फुटाणे, शेंगदाणा-गुळाचा लाडू, एक पेरू, जानेवारी ते मार्च द्राक्षांचा धुतलेला घोस. आपल्या नाशकात तेव्हा द्राक्षं दारात येतात, ती शाळेच्या डब्यात क्वचितच दिसतात याचं मला नेहमी वाईट वाटतं. आणि एक वाजताच्या भुकेला कोरडं, हातात धरता येईल असं. मेथीचं थालीपीठ, तिळाची चटणी लावून पोळीची गुंडाळी, दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी, नागलीचं घावन. दशमी आपल्या आज्या प्रवासाला द्यायच्या, कारण ती दिवसभर मऊ राहते आणि लवकर खराब होत नाही. सकाळी साडेसहा ते एक हा तुमच्या मुलाचा प्रवासच आहे की! भात, दहीभात, ओली उसळ मात्र एवढ्या वेळासाठी देऊ नका, मार्चनंतर तर मुळीच नाही. ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान अन्नात जंतू झपाट्याने वाढतात, आणि उन्हाळ्यात बंद दप्तरातला डबा याच पट्ट्यात तासन्‌तास पडून असतो. पोळी-पराठ्याची वाफ जाऊ द्यावी आणि मग झाकण लावावं, नाहीतर आत पाणी सुटून सगळं चिवट होतं. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. मुलाला ठाऊक नाही, त्याला सांगा.

चाळीस रुपयांचं म्हणाल तर महिन्याचे २५ दिवस धरले तरी १००० रुपये होतात. हा आकडा त्याच्याचकडून काढून घ्या, तुम्ही ऐकवू नका. पैसे एकदम बंद करू नका. मित्रांबरोबर गाडीवर उभं राहून खाण्यातही त्या वयाचं काहीतरी असतं. आठवड्यातला एक दिवस त्यासाठी ठेवा, तो कोणता हे त्याने ठरवावं. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पण तो शाळांसाठी आहे. क्लासखालच्या गाडीपाशी तुमच्या मुलाला सांभाळायला त्याचा स्वतःचा भरलेला डबाच हवा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी थांबले, त्याबद्दल. तुम्हाला ताप आला आणि मुलीने उठून दोघांचे डबे भरले. तुम्ही हे कौतुकाने लिहिलंय आणि मुलगी कौतुकाची आहेच. पण तिला कोणी उठवलं, की ती आपण होऊन उठली? आणि त्याच सकाळी तिच्याहून दोन वर्षांनी मोठा मुलगा काय करत होता? तुमच्या मैत्रिणीचा सल्ला ऐकून उद्या तुम्ही हात काढून घेतलात तर तो डबा मुलगा भरणार नाही, ताई. तो हळूच बहिणीकडे जाईल. चार दिवस आजी म्हणेल, भावाचाही भर गं, त्याची दहावी आहे. पाचव्या दिवसापासून कोणी म्हणायचीही गरज उरणार नाही. दोन वर्षांनी तिची दहावी येईल तेव्हा तिचा डबा भाऊ भरेल का, हे सासूबाईंना एकदा प्रेमानेच विचारा.

मी हे कळकळीने लिहिते, कारण घरात उरलेलं आणि उशिराचं खाणं मुलींच्या वाट्याला येताना मी पाहिलं आहे, आणि त्याच मुली प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन खाली बसताना पाहिल्या आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलाला २२. पाळी सुरू झालेली असते, उंची वाढत असते. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या घरात डब्याची काळजी जिची जास्त करायला हवी ती आठवीतली मुलगी आहे, आणि सगळं घर काळजी करतंय दहावीतल्या मुलाची. तिची शाळा अनुदानित असेल आणि तिथे खिचडी मिळत असेल तर तीही आठवीपर्यंतच, जूनमध्ये ती नववीत गेली की बंद. तिच्या डब्यात चवळी, मेथी, तीळ, गूळ, बाजरी येऊ द्या, वर लिंबाची फोड असू द्या, लिंबाने लोह अंगी लागतं. सकाळी जेवणासोबत चहा घेत असेल तर तो बाजूला करा, चहाने नेमकं उलट होतं.

मग काम कसं वाटायचं? तुमचे मिस्टर साडेतीनला घरी येतात, तुम्ही साडेसहानंतर. हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते तुमच्या पहाटेचं उत्तर तिथे आहे. संध्याकाळी भाजी निवडणं, चिरणं, रविवारी मटकी भिजत घालून फडक्यात बांधणं, थालीपीठाची भाजणी संपत आली की दळून आणणं ही कामं ते करू शकतात. शिफ्ट करून माणूस थकतो हे खरंच आहे, तुम्हीही थकताच. मुलाने रात्री जेवण झाल्यावर उद्याचा मधल्या सुट्टीचा डबा भरून ठेवायचा. सकाळी पोळ्या तुम्ही किंवा सासूबाई कराल, गुंडाळी करून डब्यात ठेवणं त्याचं. मुलीने आपला भरायचा, फक्त आपला. दिवाळीच्या सुट्टीत त्याला थालीपीठ थापायला शिकवा. पहिलं फाटेल, तिसरं जमेल. दहावीच्या अभ्यासातून यात दिवसाची दहा मिनिटं जातील, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे आहे. पूर्वपरीक्षेच्या आणि बोर्डाच्या दिवसांत तुम्हाला त्याच्या आवडीचं करून, स्वतः भरून हातात द्यावंसं वाटेल. खुशाल द्या.

एक कराल? रागाच्या भरात म्हटलेलं ते वाक्य मागे घ्या. जेवताना सांगा की डबा बंद व्हायचा नाही, मी चिडून बोलले. मग हे नवं सांगा. शिक्षा म्हणून हातात आलेला डबा तो भरणारच नाही, वडापाव खाऊन तुमचं म्हणणं खरं करून दाखवेल.

आणि «मी आई कसली» हा प्रश्न. मखमलाबादच्या बाजूने माझ्या शाळेत एक बहीण-भाऊ यायचे. द्राक्षांच्या हंगामात त्यांची आई पहाटे अंधारातच पॅकहाऊसला जायची. भाऊ सहावीपासून भाकरी करायचा, बहीण चटणी कुटायची, दोघं आपापला डबा बांधून निघायचे. आई आदल्या रात्री पीठ चाळून, मीठ-मिरची-शेंगदाणे काढून ओट्यावर ठेवून जायची. एकदा मी त्या मुलाला विचारलं, आई डबा देत नाही का रे? तो चकित होऊन म्हणाला, «देते की बाई, सगळं काढून ठेवते.» त्याच्या मनात त्याचा डबा आईनेच दिलेला होता.

येत्या सोमवारपासून सुरू करा. पहिल्या दिवशी तो नुसती पोळी आणि लोणचं भरेल, किंवा विसरून डबा घरीच टाकून जाईल. शुक्रवारचा डबा दप्तरात राहून सोमवारी त्याला बुरशी आलेली असेल, तर तो घासणंही त्याचंच. अशा दिवशी सासूबाईंना रिक्षा करून शाळेत डबा पोहोचवायला जाऊ देऊ नका, आणि तुम्हीही मागून गुपचूप भाजीची डबी दप्तरात सरकवू नका. सोमवारपासून तुम्हाला चारऐवजी दोनच डबे भरायचे असतील, तेव्हा साडेपाचला उठलात तरी चालेल.