सीनिअर डीबीए कोणाला म्हणायचं?

प्रिय मित्रा,

ऐरोलीच्या तुमच्या ऑफिसात चार वर्षं अनुभवाचा मुलगा थेट सीनिअर डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) म्हणून आला आणि तू सात वर्षं काढूनही आहेस तिथेच. तुला राग येणं साहजिक आहे. पण एचआरकडे जाण्याआधी मला सांग, या सात वर्षांत प्रॉडक्शनचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसचा, बॅकअप तू स्वतः कितीदा रिस्टोअर करून पाहिलास? टेबलस्पेस (डेटासाठीची जागा) वाढवणं आणि युजर अनलॉक करणं यातच वर्षं गेली असतील, तर ती रेझ्युमेवर दिसतात, अडचणीच्या वेळी हाताशी येत नाहीत.

मुलाखतीत मी एकच प्रसंग देतो. आर्काइव्ह लॉगनं, म्हणजे बदलांच्या जपून ठेवलेल्या नोंदींनी, डिस्क भरली, ओरॅकल डेटाबेस अडकलाय, फोन वाजतायत. काय करशील? ‘लॉग डिलीट करतो’ असं चटकन म्हणणारे दहा-बारा वर्षांचे लोकही भेटतात. जो आधी विचारतो, ‘त्या लॉगचा बॅकअप झालाय का? स्टँडबायवर, म्हणजे राखीव डेटाबेसवर, ते पोचलेत का?’, त्याला मी सीनिअर म्हणतो, मग वर्षं तीन का असेनात.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये, म्हणजे लोकांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत, काय घडलं, ते त्यांनी स्वतः जाहीर केलंय. मुळातून वाच. रेप्लिकेशन (डेटाबेसची दुसरी प्रत ताजी ठेवणं) दुरुस्त करताना सेकंडरी, म्हणजे प्रत, समजून प्रायमरी, म्हणजे मूळ, पोस्टग्रेस डेटाबेसचाच डेटा उडवला गेला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले. रोजचा डंप (फाइलीत काढलेला बॅकअप) बघायला गेले तर तो होतच नव्हता: डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, डंप घेणारं टूल ९.२ चं. फेल झाल्याचे मेलही पोचत नव्हते. शेवटी उपयोगी पडला तो सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी काढलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाची प्रत.

वर्षांना किंमत नाही, असं नाही. मार्चअखेरचा लोड वर्षातून एकदाच येतो. तो चार-पाचदा अंगावर घेतलेल्या माणसाला काय आधी अडकणार ते कळतं, आणि हे शिकायला दुसरा रस्ता नाही.

तेव्हा या शनिवारी एक टेस्ट सर्व्हर मागून घे आणि कालचा बॅकअप त्यावर उभा कर. किती वेळ लागला, कुठे अडलास, सगळं लिही. क्लायंटला दोन तासांत सिस्टम परत देऊ म्हणून लिहून दिलंय आणि तुला पाच लागले, तर तोच कागद घेऊन मॅनेजरसमोर बस. बढतीचा विषयही तिथेच काढ. मध्ये अडलास तर रात्री कितीही वाजता फोन कर.