ढाबळीतली आजारी पिल्लं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

होमरची, म्हणजे दुरून घरी परतणाऱ्या शर्यतीच्या कबुतरांची, नवी पिल्लं टॉसला लागली, म्हणजे सरावासाठी दूर नेऊन सोडली जाऊ लागली, की आजारपणाची पत्रं वाढतात. त्यातली सहा या अंकात घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण इतरांनी विचारलेलं बरंचसं त्यातच येतं.

प्रश्न: या मोसमातली ३४ पिल्लं आहेत, वय अडीच-तीन महिने. २० किलोमीटरच्या दुसऱ्या टॉसनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ढाबळीत ओकलेले दाणे दिसले. आता आठ-नऊ पिल्लं पिसं फुगवून बसलीत, शीट हिरवी आणि पाण्यासारखी. दुकानदाराने एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलंय. सुरू करू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आज नको. बाटली बाजूला ठेवा आणि आधी दाणे उचला.

ओकारी, रिकामी न होणारी गळ्याची पिशवी, हिरवी पातळ शीट, झपाट्याने उतरणारं वजन, आणि हे सगळं एकाच वयाच्या बऱ्याच पिल्लांत एकदम. युरोपातले शर्यतवाले याला ‘यंग बर्ड सिकनेस’ म्हणतात. यामागे एकच जंतू नसतो. सर्कोव्हायरस पिल्लाच्या गुदद्वाराजवळच्या बर्सा या अवयवावर घाव घालतो. प्रतिकारशक्ती तिथेच घडत असते, त्यामुळे पक्षी उघडा पडतो. अॅडिनोव्हायरस आतड्याला आणि यकृताला धरतो. मग एरवी आतड्यात निमूट राहणारे ई. कोलाय जिवाणू बेसुमार वाढतात. २०१६ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात कबुतरांच्या मोठ्या साथीत रोटाव्हायरस सापडला. पुढे जर्मनीतल्या संशोधकांनी तोच विषाणू निरोगी पिल्लांना देऊन हीच लक्षणं उभी करून दाखवली. मूळ घाव असा विषाणूचा असतो आणि अँटिबायोटिक फक्त मागून आलेल्या जिवाणूंवर चालतं. शिवाय एन्रोफ्लॉक्सासिन वाढत्या पक्ष्याच्या सांध्यातल्या कूर्चेला इजा करू शकतं. शर्यतीच्या पिल्लाला ते अंदाजाने पाजणं म्हणजे पंखाशी जुगार.

हिरव्या रंगाने घाबरू नका. पोटात दाणा गेला नाही की नुसतं पित्त उतरतं, म्हणून शीट हिरवी होते. उपाशी पक्षी कुठल्याही आजारात हिरवंच हगतो. रंगापेक्षा सकाळी गळ्याची पिशवी चाचपून पाहा. रात्रीचं खाणं पहाटेपर्यंत उतरायला हवं. सकाळी सहाला पिशवी पाण्याने डुबडुबीत लागली तर ते पिल्लू आजारी, मग दिसायला कितीही टवटवीत असो.

क्रम असा ठेवा. सगळ्या पिल्लांचं उडणं बंद, निरोगी दिसणाऱ्यांचंही. फुगून बसलेली वेगळ्या, कोरड्या, वारा न लागणाऱ्या जागी न्या. पूर्ण २४ तास दाणा नाही. न पचलेला दाणा पिशवीत आंबतो आणि जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं. पाण्याऐवजी माणसांचंच ओआरएस द्या, एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच. ‘जरा कडक’ करायच्या नादात अर्ध्या लिटरमध्ये घातलंत तर मीठ जास्त होऊन जुलाब वाढतील. उन्हाळ्यात ते दर सहा तासांनी नवीन करा.

स्वतः न पिणाऱ्याला नळीने पाजावं लागेल. लहान बाळांची ८ नंबरची फीडिंग ट्यूब आणि १० मिलीची सिरिंज मेडिकलमध्ये मिळते. टोक तेलाने ओलं करा. चोच उघडली की जिभेच्या मुळाशी उघडझाप करणारं छिद्र दिसेल, ती श्वासनलिका. तिला टाळून पक्ष्याच्या उजव्या बाजूने नळी मागे सरकवा. पिशवीत टोक बोटाला लागलं पाहिजे; लागल्याशिवाय सिरिंज दाबू नका. कोमट द्रावण १० मिली, दिवसातून चार वेळा. आधीचं उतरलं नसेल तर ती पाळी सोडा. पक्षी उलटा धरून पिशवी पिळून काढायची पद्धत काही ठिकाणी आहे. त्यात पाणी फुप्फुसात जातं आणि वाचणारं पिल्लू तासाभरात हातात मरतं.

दुसऱ्या दिवशी साळ, जव किंवा ज्वारी, पिल्लामागे १० ग्रॅम, तेही पिशवी रिकामी असेल तरच. निरोगी पक्ष्याचं रोजचं खाणं ३० ते ३५ ग्रॅम असतं, तिथपर्यंत पाच-सहा दिवसांत या. मूग, वाटाणा, मका आणि करडई शेवटी, शीट गोळीसारखी होऊन वर पांढरी टोपी दिसू लागल्यावर.

पहिल्याच दिवशी नमुना घ्या. रात्री बसायच्या फळ्यांखाली स्वच्छ कागद अंथरा, सकाळी आठ-दहा पक्ष्यांची ताजी शीट एका डबीत गोळा करा आणि जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात न्या. कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशी परजीवी) आणि जंत तिथे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतील. पक्षी मेला तर पिशवीत बांधून बर्फात ठेवून २४ तासांत पोहोचवा. फ्रीझरमध्ये गोठवलेल्या यकृताची नीट तपासणी होत नाही. जिवाणूची वाढ करून कोणतं औषध लागू पडतं ते कळलं, किंवा ४८ तासांनंतरही पक्षी खालावतच राहिले, तर पशुवैद्याच्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक द्या. साल्मोनेला हा जिवाणू निघाला तर ते द्यावंच लागेल. त्याची खूण म्हणजे पंखाच्या किंवा पायाच्या सांध्यावर आलेली मऊ गाठ. दोन-तीन दिवसांत बरेच पक्षी पटापट मेले तर स्वतः चिरफाड करत बसू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. रानीखेत (पक्ष्यांचा विषाणूजन्य रोग) किंवा बर्ड फ्लू नाही ना, याची आधी खात्री झाली पाहिजे.

ढाबळ साफ करून कोरडी ठेवा. फिनाइलवर विसंबू नका, या विषाणूंना चरबीचं आवरण नसल्यामुळे ते त्याला फारसे बधत नाहीत. शीट खरवडून काढल्यावर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी फळ्यांना लावा, १० मिनिटं ठेवा, धुवा, वाळवा. पक्षी तोवर बाहेर.

आता हे आलं कुठून? बहुधा टॉसच्या करंडीतून. दुसऱ्यांच्या पिल्लांबरोबर एकाच करंडीत तासभर घासाघीस, तहान, भीती. पहिले पाच-सहा टॉस फक्त आपल्याच पक्ष्यांचे करावेत. त्याआधी चार-पाच रात्री करंडीत झोपवून तिथल्याच भांड्यातून पाणी प्यायला शिकवावं. आणि ३४ पिल्लं किती जागेत आहेत ते पत्रात नाही. लांबी, रुंदी, उंची दोन-दोन मीटर असलेल्या कप्प्यात आम्ही २० च्या वर जाऊ देणार नाही. जास्त झाली असतील तर निवड आत्ताच करा.

बरं झाल्यावरही किमान तीन आठवडे टॉस नको. बाहेरून तंदुरुस्त दिसणारं पिल्लू ६० किलोमीटरवरून परतत नाही, ते याच घाईपायी.

प्रश्न: २० दिवसांच्या पिल्लाच्या घशात पिवळं चीजसारखं साचलंय. कोणी कॅंकर म्हणतं, कोणी देवी. ओळखायचं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी तोंडाबाहेर पाहा. देवीत डोळ्यांच्या कडा, चोचीचं मूळ आणि पाय अशा उघड्या कातडीवर खपल्या येतात. बाहेर काहीच नसेल आणि घशात पिवळा थर, तोंडाला वास, तर कॅंकरचा संशय धरा. हा ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशी जीवाचा रोग. खात्री करायची तर घशाचा ओला नमुना काही मिनिटांतच सूक्ष्मदर्शकाखाली गेला पाहिजे. गार झाला की जीव हलायचा थांबतो आणि अहवाल ‘काही नाही’ असा येतो, म्हणून डबी पाठवू नका, पक्षीच घेऊन जा.

औषध मेट्रोनिडाझोल. हिशेब कळावा म्हणून सांगतो, पक्कं पशुवैद्याकडून करून घ्या: किलोमागे ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पाच दिवस. म्हणजे ४०० ग्रॅमच्या पक्ष्याला २० मिलिग्रॅम, २०० च्या गोळीचा दहावा भाग. तुमचं पिल्लू आधी वजन करा. मात्रा फार चढली की पक्षी झोकांड्या खातो. पाण्यात घालून भागत नाही. ते कडू असतं, पक्षी पाणीच कमी पितात आणि अर्धवट मात्रेने जीव मरण्याऐवजी औषधाला सरावतो. पिवळा थर ओरबाडू नका, खालून रक्तस्राव होतो. औषधाने तो आपोआप सुटतो.

आईबापांना मात्र विसरू नका. त्यांच्या घशात हा जीव काही लक्षण न दाखवता राहतो आणि भरवताना गळ्याच्या पिशवीत तयार होणाऱ्या ‘दुधातून’ पिल्लात उतरतो. जोड लावायच्या १० दिवस आधी जोडीची तपासणी करून घेतली तर घरट्यातली मरतूक बरीच कमी होते. गच्चीवर उघडं भांडं असेल तर पारवे तिथे पितात आणि हाच रोग ठेवून जातात. झाकणाचं भांडं वापरा.

देवी निघाली तर विषाणूवर औषध नाही. ती डासांनी पसरते, म्हणून पावसाळ्यात ढाबळीला बारीक जाळी हवी. खपल्या काढू नका, तीन-चार आठवड्यांत गळतात.

प्रश्न: जानेवारीपासून शर्यती आहेत. रानीखेतची लस कधी आणि कशी द्यावी? डोळ्यात लासोटा ही जिवंत लस टाकून भागेल का?
– बंगळुरूत राहणारा मराठी वाचक

उत्तर: लासोटाच्या थेंबांचं संरक्षण थोडे दिवस टिकतं. कबुतरांतला पॅरामिक्झो हा रानीखेतच्याच विषाणूचा भाऊबंद आहे. मान पिळवटणं, दाणा टिपताना चोच भलतीकडे जाणं आणि भरपूर पाणचट शीट ही त्याची लक्षणं. त्यावर मुख्य भिस्त तेलातल्या मृत लशीवर ठेवा. पहिली मात्रा पाच-सहा आठवड्यांच्या वयात, दुसरी त्यानंतर तीन ते चार आठवड्यांनी. पहिल्या शर्यतीच्या निदान तीन आठवडे आधी दोन्ही संपल्या पाहिजेत. कोंबडीची लस वापरत असाल तर कबुतराला ०.२५ मिली पुरते, पण बाटलीवरचं वाचून पशुवैद्याकडून पक्कं करा.

टोचण्याची जागा चुकली की पक्षी जागीच जातो. कबुतराच्या मानेच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. सुई मानेच्या मधोमध किंवा डोक्याकडे गेली तर आत रक्तस्राव होतो. मान संपून पाठ सुरू होते तिथे, मधल्या रेषेवर कातडी चिमटीत उचला आणि सुई शेपटीच्या दिशेने कातडीखाली घाला. स्नायूत नको. लस २ ते ८ अंशांवर ठेवा, पण गोठवू नका. गोठलेली लस टाकून द्यायची. टोचण्याआधी बाटली खोलीच्या तापमानाला आणून हलवा. दर दहा पक्ष्यांमागे सुई बदला. आजारी पक्ष्याला टोचू नका.

प्रश्न: पावसाळ्यात पिल्लं सुकतात, शीट चिकट. दरवर्षी अॅम्प्रोलियम हे कॉक्सिडियावरचं औषध देतो, तरी पुन्हा होतं.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: औषध बरोबर असेल, जमीन ओली आहे. कॉक्सिडियाची अंडी ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, आणि नेहमीच्या जंतुनाशकांनी मरत नाहीत. उकळतं पाणी टाकून लगेच कोरडं करणं किंवा गॅसच्या ज्योतीने फळ्या शेकणं चालतं. ज्योत लावताना पिसं आणि गवत आधी काढा. खालची जमीन कोरडी राहत नसेल तर ती उंचावर, जाळीच्या तळाची करून घ्या. शीट खाली पडली म्हणजे पक्ष्याच्या पायाला लागत नाही.

२० टक्के अॅम्प्रोलियम पूड लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस. त्या काळात बी-कॉम्प्लेक्स बंद. हे औषध बी-१ जीवनसत्त्वाला रोखूनच परजीवीला मारतं. तुम्ही बी-१ वरून ओतलंत तर औषधाचा असर उतरतो. कोर्स संपल्यावर बी-कॉम्प्लेक्स जरूर द्या. उलट दोन-तीन आठवडे सलग देत राहिलात तर पक्ष्यालाच बी-१ कमी पडून मान वळते आणि लोक त्याला पॅरामिक्झो समजतात.

प्रश्न: लसूण, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट यातलं काय खरं?
– एक वाचक, पुणे

उत्तर: व्हिनेगर लिटरला ५ मिली, आठवड्यातून दोन दिवस, चालेल, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, पत्र्याच्या भांड्यातलं जस्त आम्लाने विरघळतं. लसणाची एक पाकळी लिटरभर पाण्यात टाकलीत तर बिघडत नाही, आजारही जात नाही. परमँगनेट गडद झालं की घसा भाजतो. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ग्रिट (दाण्याबरोबर दिलेली बारीक खडी-शिंपले) आणि कॅल्शियम काढून ठेवा, नाहीतर औषध आतड्यातच बांधलं जातं.

प्रश्न: ढाबळ साफ करताना मुलाला खोकला येतो. चिंता करावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: हो. शीटेची आणि पिसांची धूळ फुप्फुसाला सूज आणू शकते, आणि सिटॅकोसिस हा पक्ष्यांचा जिवाणूजन्य आजार माणसालाही होतो. मुलाला सफाईतून काढा. तुम्ही स्वतः एन-९५ मास्क घाला आणि पाण्याचा हलका फवारा मारून मगच खरवडा, आणि लगेच वाळवा. खोकला, ताप किंवा धाप राहिली तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि घरात कबुतरं आहेत हे पहिल्याच वाक्यात सांगा. डॉक्टर ते आपणहून विचारतीलच असं नाही.