गर्भाशयाची पिशवी काढताना अंडाशयंही काढून टाकावीत का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय 39 आहे, फायब्रॉइडमुळे, म्हणजे पिशवीतल्या साध्या गाठींमुळे, पाळीला भरपूर रक्त जातं, हिमोग्लोबिन खाली आलंय आणि डॉक्टर म्हणाले पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढून टाकू म्हणजे पुढे कॅन्सरची भीती नको. माझं मत आधीच सांगते, अंडाशयं चांगली असतील तर या वयात ती काढू देऊ नका. पिशवीचा निर्णय वेगळा आणि अंडाशयांचा वेगळा.

माझं ऑपरेशन अडतिसाव्या वर्षी झालं. डिस्चार्ज कार्डवर 'टीएएच विथ बीएसओ' लिहिलेलं होतं, टीएएच म्हणजे पोटावर छेद देऊन पिशवी काढणं, पण त्यातलं बीएसओ म्हणजे दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढल्या हे मला कुणीच समजावून सांगितलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. टाक्यांची जखम भरतेय तोवरच अंगातून वाफा निघायला लागल्या, रात्री गाऊन चिंब व्हायचा, उठून बदलायचा, पंखा फुल करायचा की लगेच थंडी वाजायची. घरचे म्हणायचे ऑपरेशनचा अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा. झोप उडाली, चिडचिड वाढली, नवऱ्याजवळ जायचं म्हटलं तरी आग व्हायची आणि हे बोलणार कुणाशी. पुढे काही वर्षांनी बाथरूममध्ये जरा घसरले तर मनगट मोडलं, तेव्हा हाडाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाळी कधी गेली? आणि डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायला लावला. हाडं वयाच्या मानाने बरीच विरळ झालेली निघाली.

आपल्याकडे पाळी साधारण 46-47 च्या आसपास जाते आणि तीही हळूहळू जाते, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. पाळी गेल्यावरही अंडाशयं अगदी बंद पडत नाहीत, थोडे हार्मोन बनवत राहतात. ऑपरेशनमध्ये मात्र इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयांत बनणारं मुख्य हार्मोन, एका दिवसात खाली येतं आणि त्याचा परिणाम नुसता वाफांपुरता राहत नाही, हाडं, रक्तवाहिन्या, मेंदू सगळ्यावर होतो. अमेरिकेत नर्सेसवर एक मोठा अभ्यास झाला, 2009 साली छापून आला, 29,380 बायकांची पिशवी काढलेली आणि त्यांच्याकडे 24 वर्षं लक्ष ठेवलेलं. ज्यांची अंडाशयंही काढली त्यांच्यात अंडाशयाचा कॅन्सर कमी दिसला हे खरं, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू जास्त दिसले, आणि अंडाशयं काढल्यामुळे आयुष्य वाढलं असं कुठल्याच वयोगटात दिसलं नाही. अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिक या हॉस्पिटलच्या अभ्यासातही 45 च्या आधी दोन्ही काढून इस्ट्रोजेन न घेतलेल्या बायकांचं चित्र वाईटच होतं.

म्हणजे कधीच काढू नयेत असं नाही हं. बीआरसीए जीनमध्ये दोष असेल (त्याने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो), आई-बहिणीला अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, अंडाशयावर संशयास्पद गाठ असेल किंवा एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं, फार पसरलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे काढणं गरजेचं ठरू शकतं. पण 'काढतोच आहोत तर तेही काढू' हे कारण होऊ शकत नाही.

आणि आपल्या राज्यात हे फार सहज होतं म्हणून मला जास्त राग येतो. बीडच्या ऊसतोड बायकांचं 2019 मध्ये सरकारी समितीने सर्वेक्षण केलं, 82,309 पैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत सुट्टी घेतली की मुकादम खाडा लावतो, वर कॅन्सरची भीती घातली जाते, मग कर्ज काढून ऑपरेशन, आणि नंतर कंबर धरून परत उसाच्या फडात. नुसती पिशवी काढली तरी अंडाशयं थोडी लवकर थकतात, दोन्ही काढलेल्यांना तर हाडाची तपासणी, हार्मोन यातलं काही मिळत नाही.

तुम्ही आता एवढं करा. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला सोनोग्राफी दाखवा आणि विचारा की रक्त थांबवायच्या गोळ्या, मिरेना (पिशवीत बसवायचं हार्मोनचं छोटं साधन), नुसती फायब्रॉइडची गाठ काढणं यातलं काही जमतंय का. पिशवी काढावीच लागली तर 'फक्त नळ्या काढल्या आणि अंडाशयं ठेवली तर चालेल का' असं स्पष्ट विचारा, कारण अंडाशयाचे म्हणतात ते बरेचसे कॅन्सर नळीतूनच सुरू होतात. संमतीपत्रावर सही करायच्या आधी काय काय काढणार ते मराठीत लिहून घ्या.

ज्यांची अंडाशयं आधीच काढून झालीत त्यांनी गप्प बसू नका. 2002 नंतर हार्मोनच्या गोळ्यांची भीती ज्या अभ्यासामुळे पसरली तो सरासरी 63 वर्षांच्या बायकांवर होता. चाळिशीच्या आत पाळी गेलेल्यांना, स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेला नसेल तर, साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन द्यावं असंच आता सांगतात, आणि पिशवी नसेल तर बहुतेक वेळा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. मला ते उशिरा मिळालं तरी झोप परत आली. सोबत डेक्सा, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन डी बघून घ्या, रोज चाला आणि थोडं वजन उचलायचा व्यायाम करा. हार्मोन डॉक्टरला विचारूनच घ्या, मेडिकलमधून स्वतःच आणून सुरू करू नका.