पद्मिनी पावसाळ्यात झाकून ठेवायची असेल तर आधी दारं ठोकून बघा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. वडिलांची पद्मिनी (जुनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाटच) जूनमध्ये पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवायची, दसऱ्याला बाहेर काढायची, दाराच्या खालच्या कडेला रंगाला फुगे आलेत आणि गॅरेजवाला म्हणतोय, ‘अंडरकोटिंग मारून टाका, पुढची दहा वर्षं बघायला नको.’ (अंडरकोटिंग म्हणजे गाडीच्या तळाला मारतात तो डांबरी थर.) हेच वाक्य मलाही ऐकवलं गेलं होतं, म्हणून हे लांबण.

मी मेकॅनिक नाही. जे सांगतोय ते माझ्या एका जुन्या फियाटवरून बनलेलं मत आहे. धुणं, बॅटरी काढणं, टायरची हवा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

आमच्याकडे घडलं ते असं. मे महिन्यात गाडी गॅरेजला दिली (नाव घेत नाही, पण बोर्ड मोठा होता), दोन दिवसांत परत आली. खालून काळीभोर, एकसारखी, बघून बरं वाटावं अशी. वायर ब्रश मारल्याचं, प्रायमर लावल्याचं बिलावर लिहिलं होतं. पावसाळाभर गाडी छपराखालीच उभी. नंतर दार उघडलं की आतून डबडब आवाज यायला लागला. काचेच्या रबरापाशी झिरपलेलं पाणी दाराच्या तळाशी साठलेलं, कारण खालची निचऱ्याची भोकं त्या डांबराने बुजवलेली. भोकात तार घातल्यावर तांबूस पाणी आलं, त्यात गंजाचा भुगा. मग शंका आली म्हणून ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याला खालून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो सरळ आत गेला. डांबराची साल भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटून हातात आली आणि तिच्या आतल्या बाजूला पत्रा चिकटलेला. प्रायमरचा पत्ता नाही. गंजावरच सगळं मारलं होतं.

गॅरेजचं उत्तर काय, तर ‘गाडी जुनी आहे साहेब. वॉरंटी कोटिंगची आहे, पत्र्याची नाही.’ आणि कोटिंग खरंच शाबूत होतं! पुढे कट-वेल्डिंगला (सडलेला पत्रा कापून नवा जोडायला) जे पैसे गेले त्यात चांगली सेकंडहँड स्कूटर आली असती. असो.

पद्मिनीला वेगळी चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ सिल हाच तिचा कणा. त्यामुळे खालचा गंज म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हे. डांबरी कोट वाळून कडक होतो, खडी लागून चिरतो. त्या चिरेतून ओल आत शिरते, पण बाहेर वाळायला तिला वाट राहत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून फुगून कोट आणखी उचलतो. वरून मात्र सगळं छान. माझ्या मते जुन्या गाडीला गंज न काढता मारलेलं कोटिंग हे काहीच न करण्यापेक्षा वाईट, कारण उघडा गंज निदान दिसतो तरी.

तुमच्या जागी मी असतो तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेतच काम उरकलं असतं. गाडी स्टँडवर घेऊन (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका) फुगे फोडायचे, चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासायचं, कोपऱ्यांत रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थोपवणारं रसायन), मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग. नुसत्या रेड ऑक्साइड प्रायमरवर थांबू नका, तो ओल पितो. सिल आणि दारांच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स मारायचं. ते मऊ राहतं, सांध्यात झिरपतं. शेवटी प्रत्येक भोकात तार घालून बघायचं. ‘जुनं इंजिन ऑइल फासा’ असं सांगणारे भेटतीलच. त्याने रबराचे बुश खराब होतात आणि पार्किंगवाल्यांची भांडणं वेगळी. गॅरेजला द्यायचीच असेल तर घासून झाल्यावर, प्रायमरआधी स्वतः जाऊन बघा. ‘आता बघायला येऊ नका’ असं गॅरेजवाले म्हणाले तर गाडी तशीच परत आणा.

परदेशी व्हिडिओ जपून बघा. तिकडे गाडी झाकतात ती थंडीत, रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या भीतीने. पुण्याची थंडी कोरडी, उलट गाडी फिरवायचे दिवस तेच. आपला वैरी जुलै-ऑगस्ट. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडा पत्रा झपाट्याने गंजतो, आणि त्या दोन महिन्यांत आपल्याकडे ती ८०च्या आसपास घुटमळते. म्हणून प्लॅस्टिकचं कव्हर नकोच. छप्पर असेल तर सुती कापड, काचा बोटभर उघड्या, आणि उघडीप मिळाली की कव्हर काढून सगळी दारं, डिकी उघडी टाकायची.

ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ते गाडीत ठेवू नका. त्यात साठणारं पाणी सांडलं तर पत्रा खातं. सिलिका जेल बरं.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे शू चाकाच्या ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकाला लाकडी गुटका लावा. आणि रविवारी सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करायची सवय असेल तर सोडा. तेवढ्यात सायलेन्सरमध्ये पाणी तयार होतं, वाळत नाही. कोरड्या दिवशी अर्धा तास फिरवून आणा, नाहीतर हात लावू नका. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून ठेवण्याचा जुना सल्लाही पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे तितकासा खरा राहिला नाही, ते ओल ओढतं. भरायचीच तर पुढच्या चक्करीत संपेल एवढंच भरा.

पार्किंग तळघरात आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी जागा बदला. २०१९च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने आणि २०२४च्या जुलैत सिंहगड रोडला एकता नगरीत पुराच्या पाण्याने काय केलं ते आपण बघितलंय. नातेवाइकांकडे वरच्या मजल्याचं किंवा उंचावरचं पार्किंग असेल तर चार महिन्यांसाठी मागून बघा.

दाराच्या खालच्या कडेचा आणि डिकीतल्या स्टेपनीखालच्या पत्र्याचा जवळून फोटो टाका, मॅट उचलून. त्यावरून घासून भागेल की पत्रा कापावा लागेल, हे इथले जाणकार माझ्यापेक्षा नीट सांगतील.