ग्रीडचा काटा लाल पट्ट्यात जातोय, ट्यूब बदलू का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी इंदूरला रामबागेत राहतो, हौशी (हॅम) रेडिओचं जनरल ग्रेडचं लायसन्स आहे. एका जुन्या हॅमकडून घरी बनवलेला लीनियर, म्हणजे रेडिओची पावर वाढवणारा ॲम्प्लिफायर घेतला, दोन ८११ए ट्यूब, ग्राउंडेड ग्रीड (ग्रीड चेसिसला जोडलेला). ४० मीटरच्या बँडवर मस्त चालतो, पण २० मीटरवर गेलं की ग्रीड करंटचा काटा लाल पट्ट्यात, प्लेट करंट उलट कमी आणि आउटपुट नावापुरतं. गच्चीवर ४० मीटरचा डायपोल (तारेची अँटेना) आहे, २० वर रेडिओतला ट्यूनर एसडब्ल्यूआर (मेळ किती जमला ते सांगणारा आकडा, एक म्हणजे उत्तम) एक करून देतो त्यामुळे अँटेना ठीकच असणार. सगळे म्हणतात ट्यूब गेल्या, नवी जोडी मागव. मागवू का?

उत्तर : अजिबात नका मागवू. त्याच ट्यूब ४० वर नीट चालतायत ना, मग बँड बदलला म्हणून त्या कशा जातील? ट्यूब म्हातारी झाली की एमिशन (फिलामेंटमधून इलेक्ट्रॉन निघणं) कमी होतं आणि मग प्लेट आणि ग्रीड दोन्ही करंट खाली येतात, तेही सगळ्या बँडवर. तुमच्याकडे ग्रीड वर आणि प्लेट खाली असं आहे, म्हणजे ट्यूबला पुढे लोडच, पावर ओढून घेणारं काही, मिळत नाहीये.

आत काय होतं बघा. लोड हलका असला की प्लेटचं व्होल्टेज प्रत्येक सायकलला खूप खाली येतं, आणि नेमकं त्याच क्षणी फिलामेंटच्या तुलनेत ग्रीड जास्तीत जास्त पॉझिटिव्ह असतो, मग फिलामेंटमधून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे जायचं सोडून जवळच्या ग्रीडवरच जाऊन पडतात. ग्रीडची तार बारीक असते, असं चालू ठेवलं तर ती लाल होते आणि मग खरंच ट्यूब जाते.

आता तुमच्या अँटेनाबद्दल. ४० चा डायपोल २० वर पूर्ण वेव्हलेंग्थचा होतो, मधून फीड केला तर तिथं इम्पीडन्स (रेडिओच्या करंटला होणारा विरोध) हजारो ओहममध्ये, कोॲक्स केबलला ते झेपत नाही. रेडिओ एकटा असतो तेव्हा आतला ट्यूनर ते सांभाळून घेतो आणि मीटर एक दाखवतं. पण लीनियर मध्ये आला की तो ट्यूनर लीनियरच्या इनपुटला राहतो, अँटेनाशी त्याचा काही संबंधच उरत नाही, आणि तो सगळा वेडावाकडा लोड थेट तुमच्या टँकवर (ट्यूब आणि अँटेनाच्या मधलं ट्यूनिंगचं सर्किट) येतो. माझा पहिला संशय यावरच आहे, जवळजवळ खात्रीच म्हणा.

म्हणून आधी अँटेनाच्या जागी डमी लोड लावा, ५० ओहमचा, नॉन इंडक्टिव्ह, तेवढी पावर झेलणारा (घरचा बल्ब लावून टेस्ट करू नका प्लीज, तो तापला की त्याचा रेझिस्टन्सच बदलतो). रेडिओचा ट्यूनर बंद, ड्राइव्ह (रेडिओकडून लीनियरला जाणारी पावर) वीस-तीस वॅटच, दोन ८११ए ना १०० वॅट लागत नाहीत. प्लेटचा नॉब डिपवर (प्लेट करंट सगळ्यात कमी होतो तिथं) आणा, मग लोडचा कॅपॅसिटर थोडा थोडा उघडत (त्याची व्हॅल्यू कमी करत) जा आणि दर वेळी परत डिप घ्या. उघडला की लोडिंग वाढतं, प्लेट करंट चढतो आणि ग्रीड उतरतो. असं झालं तर लीनियर निर्दोष, २० साठी वेगळा डायपोल टाका नाहीतर लीनियरच्या पुढे बसेल असा मोठा ट्यूनर घ्या.

डमी लोडवरही लोडचा नॉब पूर्ण उघडा आणि ग्रीड तरी वरच, असं असलं तर बँड स्विच बघा. ८० मीटरला लोड साइडला हजार पिकोफॅरडच्या वर लागतं म्हणून बनवणारे तिथं एक जास्तीचा फिक्स कॅपॅसिटर जोडतात, २० वर तो सुटायला हवा. स्विचचं वेफर (कॉन्टॅक्टची चकती) जळून चिकटलं की तो तसाच लागलेला राहतो आणि तुम्ही कितीही उघडा, लोडिंग होतच नाही. काळा पडलेला कॉन्टॅक्ट डोळ्यांना दिसतो.

पण कव्हर उघडायच्या आधी प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद नाही. हाय व्होल्टेजचं मीटर शून्यावर आलं तरी विश्वास ठेवू नका, कॅपॅसिटरचा चार्ज रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर आतून तुटलेला असू शकतो. कोरड्या इन्सुलेटेड दांडीला चेसिसशी जोडलेली वायर बांधून बी प्लसला (प्लेटच्या हाय व्होल्टेज लाइनला) लावा आणि काम होईपर्यंत तशीच राहू द्या. दीड हजार व्होल्टचा चार्ज माणूस मारतो, घरात कुणी नसताना हे काम करूच नका.

प्रश्न : माझ्याकडे पण ८११ए आहेत. ड्राइव्ह न देता नुसतं पीटीटी (ट्रान्समिटचं बटण) दाबलं आणि प्लेटचा नॉब फिरवला तर ग्रीडचा काटा उड्या मारतो. हे काय? (इंदूरचेच एक वाचक)

उत्तर : ऑसिलेशन, म्हणजे लीनियर आपणहून सिग्नल तयार करतोय. ड्राइव्ह नसेल तर या ट्यूबला ग्रीड करंट शून्य पाहिजे, थोडा आयडलिंग प्लेट करंट दिसला तर चालेल. लगेच बंद करा. मग वरचीच सगळी काळजी घेऊन प्लेट कॅपजवळचा पॅरासिटिक सप्रेसर (असं नको ते ऑसिलेशन दाबणारी कॉइल आणि रेझिस्टर) बघा, कॉइलच्या आतला कार्बन रेझिस्टर भाजून त्याची व्हॅल्यू बदललेली असू शकते, एक पाय सोडवून मल्टीमीटरने मोजा. तो बरोबर निघाला तर ग्रीडपासून चेसिसपर्यंतचे बायपास कॅपॅसिटर आणि त्यांच्या लीडची लांबी, ती जितकी आखूड तितकी बरी. ८११ए मुळातच जरा अस्थिर असते, वरच्या बँडवर न्यूट्रलायझेशन (आउटपुटमधून इनपुटला परत येणारा सिग्नल रद्द करणं) लागू शकतं. यातलं काय सापडलं ते नक्की कळवा, सर्किटचा फोटो पाठवलात तर पुढच्या अंकात आकृतीसकट सांगतो.