गोधडी शिवणाऱ्यांनी एम्ब्रॉयडरी मशीन घेताना

तुमचा प्रश्न मला असा समजला: साध्या मशीनवर बरीच वर्षं क्विल्ट शिवताय, आता घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन घ्यायचंय. दुकानदार ४ बाय ४ इंच हूपचं (हूप म्हणजे कापड ताणून धरणारी चौकट, भरतकाम तिच्या आतच होतं) मशीन सुचवतोय, मैत्रीण म्हणते शिवण आणि भरतकाम दोन्ही करणारं कॉम्बो घे, आणि अमेरिकेतली नणंद तिथून आणून द्यायला तयार आहे. पण भरतकाम गोधडीच्या कुठल्या टप्प्यावर करणार, हे कुणी तुम्हाला विचारलेलं दिसत नाही. थर जोडायच्या आधी, नुसत्या वरच्या कापडावर? की तिन्ही थर (वरचं कापड, मधलं बॅटिंग म्हणजे भराव, आणि खालचं अस्तर) एकत्र घेऊन, आपण हाताने धावदोरा घालतो त्या जागी? कुठलं मशीन घ्यायचं ते यावरच ठरतं.

पहिला प्रकार असेल तर काम सोपं आहे. ॲप्लिकचे ब्लॉक (वर कापडाचे आकार लावलेले गोधडीचे चौकोन), कोपऱ्यातली वेलबुट्टी, बाळाचं नाव, मागे लावायचं लेबल, सगळं एका पदरी कापडावर होतं. तरी ४ बाय ४ नका घेऊ. त्यात फार तर १०० बाय १०० मिमीची नक्षी बसते, आणि आपले ब्लॉक सहा इंचांच्या खाली क्वचितच असतात. ५ बाय ७ (१३० बाय १८० मिमी) हे किमान धरा आणि निवांत राहा.

दुसऱ्या प्रकारात मात्र आधी कागदावर हिशेब मांडा. साधी सिंगल गोधडी घ्या, ६० बाय ९० इंच. कडेपासून कडेपर्यंत एकच नक्षी सलग न्यायची, तर ४ बाय ४ मध्ये हूप ३४५ वेळा लावावा लागेल. ५ बाय ७ मध्ये १५६ वेळा. ८ बाय १२ मध्ये ६०. दर वेळी हूप लावणं, नक्षी जुळवणं आणि शिवणं मिळून दहा मिनिटं धरली, तरी ५ बाय ७ वर २६ तास होतात. मोठ्या हूपमध्ये एकेक नक्षी मोठी, म्हणून पंधरा मिनिटं धरा, तरी १५ तासांत गोधडी संपते. आणि वेळेपेक्षा मोठा ताप जोडांचा. प्रत्येक जोडाला मागच्या नक्षीचं टोक आणि पुढचीची सुरुवात एका रेषेत यावी लागते, एक मिलिमीटर सरकलं तरी डोळ्याला खुपतं. जोड जितके कमी, तितकं बरं.

म्हणून थरांतून क्विल्टिंग करायचं असेल तर हूपची एक बाजू तरी आठ इंचांच्या आसपास हवी. जनोम कंपनीच्या ४००ई मशीनला २०० बाय २०० मिमी मिळतं, ५००ई ला २०० बाय २८०. ब्रदरच्या एनव्ही८८०ई ला १६० बाय २६०, म्हणजे लांबी चांगली, रुंदी जरा कमी. जनोम भारतात उषाच्या नावाने विकलं जातं आणि मॉडेलची नावं देशागणिक बदलतात, तेव्हा दुकानात नावापेक्षा नक्षीचं क्षेत्र मिलिमीटरमध्ये विचारा. हूपचं बाहेरचं माप सांगून मोठेपणा मिरवणारे विक्रेते पुष्कळ आहेत.

जाहिरातीत कधी न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे मागची बाजू. एम्ब्रॉयडरी मशीनमध्ये दोऱ्याचा ताण असा लावलेला असतो की वरचा दोरा थोडा खाली ओढला जावा. ब्लाउजच्या आत काय दिसतं याची कुणाला पर्वा? गोधडीला मात्र दोन्ही बाजू असतात. त्यामुळे वर-खाली एकाच रंगाचा, शक्यतो सारख्याच जाडीचा दोरा घालून ताण दोन्हीकडे समान करता यायला हवा. नेहमीचा पांढरा बारीक बॉबिनचा दोरा इथे चालत नाही, गडद अस्तरावर त्याचे ठिपके दिसतात. आपोआप दोरा कापण्याची सोय बंद करता येते का तेही बघा, नाहीतर मागे ठिकठिकाणी शेपट्या आणि गुंते राहतात. हूप न काढता बॉबिन बदलता येणं तर फारच महत्त्वाचं. बॉबिन नेहमी नक्षीच्या मध्यावरच संपते, हा नियमच आहे.

नक्षीही वेगळी लागते. एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपणारी, सलग एकेरी रेषेची. भरगच्च सॅटिन टाक्याची फुलं तिन्ही थरांतून काढलीत तर तेवढा भाग पत्र्यासारखा कडक होतो आणि गोधडी अंगाभोवती लपेटली जात नाही. एक फायदा मात्र आहे: रेषेच्या नक्षीला बॅटिंगचाच आधार पुरतो, वेगळं स्टॅबिलायझर (भरतकामाच्या कापडाखाली लावायचा आधाराचा थर) लागत नाही. सुई ९०/१४ ची टॉपस्टिच घ्या, ७५/११ एका पदरी भरतकामासाठी ठेवा.

जुन्या साड्यांची वाकळ हा मात्र वेगळाच मामला. बॅटिंग दबतं, हूपमध्ये बसतं. सुती साड्यांचे चार-पाच थर दबत नाहीत, स्क्रूचा हूप कोपऱ्यांवर सुटतो. मॅग्नेटचा हूप बरा पडतो (घरात कुणाला पेसमेकर असेल तर तो लांब ठेवा), पण तुमच्या मशीनला चालणारा मिळतो का ते आधी विचारा. माझं मत विचाराल तर वाकळीला हातचा धावदोराच शोभतो. मशीन तिथे हवंच कशाला?

कॉम्बोबद्दल मी मैत्रिणीशी सहमत नाही. तुमच्याकडे शिवणमशीन चालू स्थितीत आहे, तेव्हा फक्त भरतकामाचं घ्या. १८,००० टाक्यांची नक्षी मिनिटाला ६०० च्या वेगाने अर्धा तास घेते, रंग बदलण्याचा वेळ वेगळाच. तेवढ्यात शेजारच्या मशीनवर दोन ब्लॉक जोडून होतात. शिवाय कॉम्बो दुरुस्तीला गेलं की शिवणंही बंद. मुंबईच्या वन बीएचकेमध्ये दोन मशीनना जागाच नसेल तर गोष्ट वेगळी. पण जागेचा विचार करताना टेबल विसरू नका. गोधडीचं वजन कडेवरून लटकलं तर ते हूपला ओढतं आणि नक्षी सरकते. मशीनच्या डावीकडे आणि पुढे सपाट आधार हवाच, तो दोन खुर्च्या आणि पाट लावूनही होतो.

नणंदेला मात्र नाही म्हणा. तिकडची मशीन सहसा ११० ते १२० व्होल्टची, आपली वीज २३० ची. ट्रान्सफॉर्मर लावून चालतीलही, पण वॉरंटी इकडे लागू होत नाही आणि सर्व्हिसवाले हात वर करतात. नणंदेकडून दोरे मागवा, बॅटिंग मागवा. तुमच्याकडे वीज जात असेल तर छोटा यूपीएस घ्या आणि मशीनला टाके पुढे-मागे सरकवून हव्या त्या टाक्यापासून सुरू करता येतं का ते बघा. दोरा तुटला तरी ही सोय लागते.

आणखी एक, खास आपल्यासाठी. मशीनमध्ये आधीच दिलेल्या अक्षरांत देवनागरी असेलच असं धरू नका. ‘आजीकडून’ असं लेबल काढायचं तर नक्षी बाहेर बनवून यूएसबीने द्यावी लागते. इंक/स्टिच नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये चालतं. कुठल्याही देवनागरी फाँटचे आकार करून त्यातून ब्रदरसाठी पीईएस किंवा जनोमसाठी जेईएफ फाइल निघते. शिकायला आठवडाभर डोकं लागतं, सोपं आहे असं सांगणार नाही. अक्षरं एक सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. सेकंडहँड घेत असाल तर यूएसबी आहे याची खात्री करा, जुनी काही मशीन फक्त खास कार्डांवरच नक्षी घेतात.

स्क्रीनचा आकार, आत दिलेल्या नक्ष्यांची संख्या याकडे फार लक्ष देऊ नका. नक्षी एकेक अंशाने फिरवता येणं, थोडीथोडी सरकवता येणं, आणि शिवण्याआधी तिची कड सुईने फिरवून दाखवणं, या तीन सोयी जोड जुळवायला रोज लागतील.

शोरूममध्ये जाताना घरून दीड फुटाचा तिन्ही थरांचा तुकडा न्या, तुम्ही वापरता तेच बॅटिंग घालून. त्यांच्या नमुन्याच्या ताठ कापडावर सगळंच सुंदर दिसतं. तुमच्या तुकड्यावर एकाशेजारी एक अशा दोन नक्ष्या काढायला सांगा, जोड बघा, मग उलटून मागची बाजू बघा. हूप लावून द्यायलाच टाळाटाळ झाली तर उठा आणि दुसरं दुकान गाठा.

तुम्ही बॅटिंगच्या गोधड्या करता की साड्यांच्या, आणि साधारण बजेट किती, हे कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.